ताईच्या दारातला बर्फ

माझा मामा पेंटर. म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. उभा जन्म शिडीवर गेला. समोर दिसेल तसं रंगवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्याचा खाक्या. एकदा एका सलूनच्या पाटीवर कात्री काढायची होती. मामाने सलूनवाल्याचीच कात्री समोर ठेवली आणि तिचं मोडलेलं टोकही इमानेइतबारे काढलं. तो माणूस भडकला. मामा म्हणाला, "नवी कात्री आण, नवी काढतो." अशा माणसाबरोबर मामीने संसार कसा केला, ते तिचं तिलाच ठाऊक.

त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, लग्न करून परदेशात गेली. जावई धिप्पाड गडी. पाय तर असे, की लग्नाच्या वेळी सगळा बाजार पालथा घातला तरी त्याच्या मापाचे बूट मिळेनात. मामी त्याला कौतुकाने 'हत्ती' म्हणायची. ताईचं घर बघायचं, हा मामीचा एकच ध्यास; पण तिचं हृदय नाजूक, डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. शेवटी गेल्या हिवाळ्यात मामा एकटाच गेला. निघताना मामीने बजावलं, "फोनवरचे फोटो मला नकोत. बोटभर चित्रात काय दिसतं? तुम्ही हाताने मोठं काढून दाखवा. पोर सुखात आहे का, ते मला बघायचंय."

मामा परतला तो गप्प गप्पच. काही विचारलं की "थंडी फार," एवढंच. मग त्याने मागच्या खोलीत मोठा कॅनव्हास ताणला आणि कामाला लागला. घरभर टर्पेंटाइनचा वास. मामी रोज दाराशी येऊन "झालं का?" विचारायची आणि मामा तिला हाकलायचा.

चित्र भिंतीवर लावायला त्याने मला बोलावलं. मी खिळे ठोकले, मामीला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि मामाने वरची चादर काढली.

खरं सांगते, मला त्याच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती. ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं अंगण होतं. रात्री पडलेला ताजा बर्फ, सावलीत निळसर, उन्हात किंचित पिवळा. पानं झडलेलं एक झाड, लाकडी फाटक, पलीकडे करडा रस्ता. दारापासून फाटकापर्यंत पावलं उमटलेली. बघता बघता मलाच थंडी वाजायला लागली.

"मामा, कमाल केलीस!" मी म्हटलं.

चष्मा पुसून मामी उठली आणि चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"ही पोरीची पावलं?"

"हो. रोज सकाळी मी खिडकीत बसायचो. ती कामाला गेली की असं दिसायचं."

"आणि हत्तीची?"

मामाचा हात खिशाकडे गेला. मला आधी काही कळेना. मग मीही नीट पाहिलं. पावलांची एकच ओळ होती, लहान पावलांची.

"सोडून गेलाय का तो?" मामीने विचारलं.

मामाने खिशातून तिच्या गोळ्यांची डबी काढली आणि ती हातात धरून नुसता उभा राहिला. "वर्ष होत आलं," तो अखेर म्हणाला. "आईला झेपायचं नाही म्हणून पोरीने मला शपथ घातली होती. मी कुणाजवळ तोंड उघडलं नाही गं."

मला मामाचा असा राग आला! एवढं गुपित पोटात ठेवलं, मग चार मोठी पावलं काढायला याचं काय जात होतं? पण ती तिथे नव्हती, म्हणून काढली नाहीत. कात्रीचं टोक मोडलेलं होतं, म्हणून मोडकं काढलं.

मामीने ना गोळी मागितली, ना पाणी. "तिला फोन लावून दे," मला म्हणाली.

ताईचा आवाज आला, नेहमीसारखाच हसरा.

"तुझं घर बघितलं गं आज," मामी म्हणाली. "छान आहे. कामाला जाताना दार नीट ओढून घेत जा. एकटी असतेस."

ताईने विचारलं, "बाबांनी सांगितलं?"

"ते कसले सांगतायत! उभे आहेत डबी धरून." मामीने खुर्ची चित्राजवळ ओढली आणि बसली. "आता तू सांग. मला काही होत नाही."