आत्यांचा आवाज आणि लाल चिठ्ठी

मामांचं आणि माझं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की सून असून सासऱ्याबद्दल असं बोलते. बोलते! इतकी वर्षं एका छताखाली काढलीत, तेवढा हक्क माझा आहे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई सुभद्राबाई, त्या गेल्या ते आजारानं. पण मागं राहिलेला त्यांचा आवाज गेला तो ह्या माणसाच्या शिस्तीपायी, आणि हे मी मामांच्या तोंडावर सांगितलंय.

ज्योतीराम त्यांचं नाव. माण तालुक्यातून दहावी नापास होऊन आले, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून चिकटले, आणि पुढं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात गेले. तिथं त्यांना 'फाईव्ह एस' भेटलं आणि आमच्या घराची वाट लागली. कारखान्यातली शिस्त आहे ती. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला पट्टी. जी वस्तू सहा महिने कुणी वापरली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची आणि कोपऱ्यात नेऊन ठेवायची. महिन्याभरात कुणी मागायला आलं नाही तर सरळ भंगारात. नियम सगळ्यांना सारखा. मामांनी एकदा मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या सोफ्यालाच चिठ्ठी लावली होती. तो सोफा गेला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मामांना घड्याळ मिळालं. ही गोष्ट मी किती लग्नांत, किती बारशांत ऐकली असेल, माझं मला माहीत.

रिटायर झाल्यावर ही शिस्त घरी आली. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर मिक्सरभोवती पिवळी पट्टी आहे. मिक्सर त्या पट्टीच्या बाहेर दिसला की हॉलमधून हाक येते. माझ्या लग्नातल्या दोन साड्या, ज्ञानेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कॅरमची फळी, पाहुण्यांचे कप, सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या. अंबाजोगाईहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला माझ्या आईचा पाटा-वरवंटा, त्यालासुद्धा! चिठ्ठ्या फाडायची हिंमत एकट्या आत्यांची होती. त्या मुकाट्यानं चिठ्ठी काढायच्या, गॅसवर धरायच्या आणि राख सिंकमध्ये सोडायच्या. त्यांच्या वस्तूंना मामांनी कधी हात लावला नाही.

माझं आणि आत्यांचंही काही गोडीगुलाबीचं नव्हतं, बरं का. त्या बोलायच्या आणि मी उलट बोलायचे. भांडण झालं की ज्ञानेश म्हणायचा, "आई असं बोलणारच नाही." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. म्हणून एकदा त्यांचा सूर लागलेला बघून मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो फ्रीजवर ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला सुरुवातीचं मिनिटभर ऐकवलं. म्हटलं, ऐक आता, तुझी आई कशी बोलत नाही ते! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ते रेकॉर्डिंग मी पुसलं नाही. असा पुरावा कुणी पुसतं का?

आत्या गेल्या, त्यानंतर महिन्याभरात माझ्या नणंदेचा, भाग्यश्रीचा, फोन बादलीत पडला. ती चऱ्होलीला राहते. रडत रडत आली, कारण त्या फोनमध्ये आईचे व्हिडिओ होते. शेवटच्या वर्षी आत्यांना हादग्याची गाणी म्हणायला बसवून तिनं ते काढले होते. आवाज खणखणीत होता त्यांचा, हे मीही नाकारत नाही. फोन कसाबसा सुरू झाला, पण मामांनी त्याच दिवशी ठरवलं की आईचा आवाज अशा डबड्यांच्या भरवशावर ठेवायचा नाही. घरात सर्व्हर बसवायचा.

डोकं आहे त्यांना, खोटं कशाला बोलू? पिंपरी कॅम्पात मीरासाहेबांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आता त्यांची मुलगी उझ्मा बघते. तिच्याकडून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या आणि टीव्हीखालच्या कपाटात ठेवला. कानात हेडफोन घालून व्हिडिओ बघत बघत महिनाभर खटपट केली. मग ज्ञानेशच्या आणि भाग्यश्रीच्या फोनमधलं सगळं आपोआप त्यात जायला लागलं. गुरुवारी आपल्याकडं कारखान्यांना सुट्टी, म्हणून दर गुरुवारी मोठा बॅकअप. एका डिस्कवर जे असेल ते दुसऱ्या डिस्कवर तसंच्या तसं. आत्यांचे सगळे व्हिडिओ एका फोल्डरमध्ये घातले आणि फोल्डरला नाव दिलं 'सुभद्रा'. मग जागा मोकळी करायची म्हणून दोघांच्या फोनमधून ते पुसून टाकले.

माझा फोन मी दिला नाही. हॉलमधल्या टीव्हीवर माझे फोटो सगळ्यांनी बघायचे? कशासाठी? त्यावरून आठ दिवस धुसफूस चालली. शेवटी त्यांनी कपाटाच्या दारावर फोनांची नावं चिकटवली आणि माझ्या नावापुढं लिहिलं, 'रिजेक्ट'. क्वालिटीवाले खराब मालावर लिहितात तसं. मी म्हटलं, असू दे.

पुढचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या मशीनमध्येसुद्धा ह्या बाबानं लाल चिठ्ठी बसवली होती! सहा महिने कुणी उघडलं नाही ते फोल्डर आपोआप 'रेड टॅग'मध्ये. आणखी महिनाभर कुणी हात लावला नाही की पुसून साफ. दर गुरुवारी त्याचा मेसेज घरच्या ग्रुपवर यायचा. भाग्यश्रीनं ग्रुप म्यूट केला होता, ज्ञानेशनं केला होता, मी तर पहिल्या दिवशीच केला होता. मामांनी स्वतःसुद्धा केला होता, हे नंतर कळलं.

वर्षश्राद्धाला गावाकडची माणसं आली होती. जेवणं झाली, पानं उचलली, सतरंजीवर सगळे टेकले, आणि भाग्यश्री म्हणाली, "आप्पा, आईचं हादग्याचं गाणं लावा की टीव्हीवर. आत्याबाईंनी ऐकलंच न्हाई." मामांनी मोठ्या ऐटीत रिमोट घेतला. ज्ञानेशनं काढलेले माझे फोटो होते, ज्ञानेशच्या कंपनीच्या बसचे होते, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे चाळीस फोटो होते. 'सुभद्रा' नव्हतं. मामा खाली-वर, खाली-वर करत राहिले. गावच्या आत्याबाई, म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण, म्हणाल्या, "राहू दे ज्योती, डोळे भरलं असतील तुझं." डोळे भरले नव्हते. कपाळाला घाम आला होता.

वर्षभर कुणी ते फोल्डर उघडलंच नव्हतं. भाग्यश्रीनं उघडलं नाही, कारण तिला ऐकवत नव्हतं. ज्ञानेशनं दोनदा बोट नेलं आणि मागं घेतलं, तो मला म्हणाला होता. आणि मामा? ते तर त्या कपाटासमोर बसूनच चहा प्यायचे. आहे ना आत, मग झालं. माणूस गेल्यावर त्याचा आवाज लगेच ऐकता येतो होय कुणाला? पण मशीनला काय कळणार. त्यानं बघितलं, वापर नाही. चिठ्ठी लावली, थांबलं, टाकून दिलं.

भाग्यश्री सगळ्यांसमोर ओरडली, "आईला दुसऱ्यांदा मारलंत तुम्ही!" आणि चप्पल न घालता जिना उतरून गेली. तिची चप्पल मीच नंतर पोचवली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशची पहिली शिफ्ट, म्हणून मामांना घेऊन पिंपरीला मला जावं लागलं. स्कूटीवर मागं ते, त्यांच्या मांडीवर ते मशीन, चादरीत गुंडाळलेलं. उझ्मानं दुकानात ते खोललं, काय झालं ते ऐकलं आणि भडकलीच.

"काका, मी तेव्हाच बोलले होते की नाही? दोन डिस्क म्हणजे बॅकअप नाही. एकीत पुसलं की दुसरीत पण पुसतं. तिसरी घ्या, महिन्यातून एकदा भरा आणि काढून कपाटात ठेवा, असं बोलले होते. तुम्ही काय बोललात?"

मामा चादरीची घडी घालायला लागले.

"बोला ना! काय बोललात?"

"जास्तीचा माल ठिवायचा न्हाई," मामा म्हणाले.

"हां. जास्तीचा माल!" उझ्मानं स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. "पुसलेल्या जागेवर दर गुरुवारी नवीन भरत गेलं असणार. बघते, पण आशा ठेवू नका."

आठवडाभर तिनं झटापट केली. निघाले ते पाण्याच्या टाकीचे फोटो. आत्यांचं काही निघालं नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या दुप्पट राग आला. घरी आल्यावर मी म्हटलं, "मामा, साहेबाचा सोफा आणि बायकोचा आवाज ह्यात काही फरक असतो की नाही?" मिक्सर दोन दिवस पट्टीच्या बाहेर होता, तरी हॉलमधून हाक आली नाही. जेवायचे अर्धवट आणि उठायचे. आणि अशात एका रात्रीच्या जेवणाला माझा नवरा, शहाणा, पटकन बोलून गेला, "आईचा आवाज विजयश्रीकडं आहे. ते भांडणाचं रेकॉर्डिंग."

विजयश्री मीच. त्याच्याकडं असं बघितलं की पुढचा घास त्यानं ताटातच ठेवला. मामांनी ताटातून मान वर केली नाही.

नंतरच्या गुरुवारी ज्ञानेश ओव्हरटाइमला चाकणला गेला होता. मी भाकरी थापत होते. मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायची त्यांना सवय नाही, दारातून हुकूम सोडायची आहे.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"न्हाई, ज्ञानू म्हणत व्हता..."

"काय म्हणत होता?" मी काही सोपं करून दिलं नाही.

"तुझ्याकडं तिचा आवाज हाय म्हनून."

"आहे. मला शिव्या देताना."

"असू दे," मामा म्हणाले. "शिव्या तर शिव्या. लाव की जरा."

हातांचं पीठ धुतलं, फोन फ्रीजवर ठेवला आणि लावलं. मामा फ्रीजला टेकून खाली फरशीवर बसले. आणि आत्या आल्या! तोच चढा सूर. "आगं ए विजयश्री, ही काय कणीक हाय का चिखल? आईनं काय शिकवलं का न्हाई तुला? आन् वर तोंड करून बोलतीस?" मग माझा आवाज, मग भांडं आपटल्याचा, मग दार. मी तेव्हा तरातरा गॅलरीत गेले होते. ज्ञानेशला ऐकवताना मी इथंच थांबवलं होतं, कारण माझं काम इथं संपलं होतं. आताही हात पुढं केला, तर मामांनी माझं मनगट धरलं. "चालू दे."

फोन तसाच फ्रीजवर चालू राहिला होता. आत्या एकट्याच पुटपुटत होत्या, पाणी सोडल्याचा आवाज, हादग्याची एक ओळ अर्धीमुर्धी गुणगुणली. मामांनी डोळे मिटले. मग पावलं वाजली आणि आत्या एकदम कडाडल्या.

"आवो, त्या पाट्याला काय चिकटवताय? काढा! काढा आदी ती चिठ्ठी. पोरगी येवढ्या लांबनं मांडीवर घिऊन आलीया, आईची वस्तू हाय तिच्या. वापरू दे न्हाईतर तशीच ठिवू दे, तुमचं काय जातंय?"

माझे हात ओले होते, तसेच राहिले. मी गॅलरीत धुमसत होते तेव्हा ही बाई इथं माझ्यासाठी भांडत होती. आणि मला सांगितलं नाही कधी!

"सहा म्हयन्यात वापरला न्हाई," रेकॉर्डिंगमधले मामा म्हणाले.

"उद्या मी मेले की मलाबी लावशीला चिठ्ठी. ही बी कुनी वापरत न्हाई म्हनशीला."

"तुझ्या वस्तूला मी कवा हात लावलाय का, सुभद्रा? न्हाई लावायचो," मामा म्हणाले. मग रेकॉर्डिंग संपलं.

तव्यावरची भाकरी करपली होती. मामा फरशीवर बसूनच राहिले, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी गॅस बंद केला. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, तसं आमच्यात नाही. पाण्याचा तांब्या मात्र पुढं ठेवला.

"मशीनमधी घालूया का हे?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"नाही."

"एक डिस्क येगळी आणतो. कपाटात ठिवतो."

"नाही म्हटलं ना. कपाटात नाही. उझ्माकडून दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवते मी. एक माझ्याकडं, एक भाग्यश्रीकडं. तुम्हाला ऐकायचं तेव्हा इथं येऊन मागायचं."

"बरं," मामा म्हणाले.

तेव्हापासून दर गुरुवारी चहा झाला की ते दारात येऊन उभे राहतात. आमचं अजून पटत नाही, मिक्सरवरून परवाच वाजलं. पण गुरुवारी मी काही न बोलता फोन फ्रीजवर ठेवते आणि ते खाली बसतात. शिव्या ऐकतात, गुणगुणणं ऐकतात, पाट्यावरचं भांडण ऐकतात. आत्यांचं शेवटचं वाक्य झालं की गुडघ्यावर हात देऊन घाईघाईनं उठतात आणि हॉलकडं निघतात. त्यांचं स्वतःचं वाक्य त्यांना ऐकायचं नसतं. मी फोन बंद करत नाही. हॉलपर्यंत आवाज जातो.