भूरीची डावी बाजू

पहिल्यांदाच सांगून ठेवते, नजर, बाधा, भूतखेत, यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. सासूबाई घरात मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागल्या की मी उठून गच्चीवर कपडे काढायला जाते. या सदरातले लोकांचे अनुभव वाचतानाही माझ्या मनात एकच यायचं — अरे यार, आधी डॉक्टरला दाखवा ना! त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर नवरा हसतोय. हसू दे. मला हे कुठेतरी ओकून टाकायचंय, कारण गेले कित्येक महिने डोक्यातून जात नाहीये.

मी इंदूरमध्ये जनावरांच्या रोगांच्या एका लॅबमध्ये काम करते. कुठली ते सांगत नाही. गाई-म्हशी, कुत्री, कधी जंगलातून आलेला कोल्हा नाहीतर वटवाघूळ… त्यांना कुठला विषाणू लागला होता हे शोधायचं. वीस वर्षं हेच करतेय. स्वभावाने मी चिडकी, घाईची, एका जागी बसवत नाही असली बाई. पण कामात चोख. मतलब, तोपर्यंत मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी मानपूर गावाहून बर्फाच्या डब्यात एका गाईच्या मेंदूचा नमुना आला. बरोबर तिथले जनावरांचे डॉक्टर राठौर यांची चिठ्ठी — गाय चार दिवस लाळ गाळत होती, घशातून विचित्र हंबरत होती, मग मेली. रेबीजचा संशय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गाईला रेबीज झाला की तिचा घसा लुळा पडतो, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. आणि मग ते काय करतात? कोपरापर्यंत हात घालतात तिच्या तोंडात! मायेनेच करतात हो, पण लाळेतच तर विषाणू असतो. या गाईची मालकीण रेखाबाई, तिनेही तेच केलं होतं. गाईचे दात लागून हात खरचटला होता. राठौरांनी मागे लागून लशीची दोन इंजेक्शनं घ्यायला लावली, पण जखमेत टोचायचं सीरम तिने घेतलंच नव्हतं. पुढचं इंजेक्शनही "रिपोर्ट आल्यावर बघू" म्हणून टाळत होती. भाचीचं लग्न होतं, त्याच संध्याकाळच्या बसने ती माहेरी निघणार होती, कुठल्याशा आडगावात. तिथे ना सीरम, ना कोणी मागे लागणारं.

म्हणजे सगळं माझ्या रिपोर्टवर. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस हाती लागत नाही, हे आमच्याकडे कुणाला समजावावं लागत नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला मी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपवर बसले होते. रेबीज असेल तर काचेवर हिरवे ठिपके चमकतात. इथे काही नाही. सगळं काळंभोर. वीस जागा पाहिल्या, तीस पाहिल्या… काही नाही. सुटली बिचारी बाई, असं मी चक्क मोठ्याने म्हणाले.

आणि तेवढ्यात डाव्या हातावर काहीतरी ओलं, खरखरीत फिरलं.

ग्लोव्हजच्या आत! मनगटापासून बोटांपर्यंत, एकदा. मग परत. मी ताडकन उठले. पहिला विचार आला तो ग्लोव्ह फाटल्याचा. हात धुतला, साबण, स्पिरिट, सगळं केलं. ग्लोव्हमध्ये पाणी भरून दाबून पाहिलं, थेंब गळला नाही. आम्हाला सगळ्यांना लस टोचलेली असते, तरी हात परत एकदा धुतला. मग स्वतःलाच झापलं, घाम असेल, दुसरं काय. पण उजवा ग्लोव्ह तर आतून कोरडा होता.

बाहेर माझ्या टेबलावर आले, रिपोर्ट टाइप करायला घेतला. 'नेगेटिव्ह' हा शब्द टाइप केला, आणि परत. आता हात उघडा होता. गाय चाटते तेव्हा कातडीला कशी जीभ ओढते ना, अगदी तसं. लहानपणी आमच्या गल्लीत गवळ्याकडे गाई होत्या, मला ते चांगलं ठाऊक आहे. हात बाजूला घेतला तर थांबलं. टेबलावर ठेवला की पुन्हा. मी उठले, पाणी प्यायले, पंखा बंद केला, चालू केला, खिडकीपर्यंत जाऊन आले. कशातच जीव लागेना.

आमच्याकडे शर्माजी आहेत, सर्वात जुने टेक्निशियन. ते म्हणाले, "मॅडम, आज आपको चैन नी है. क्या हुआ?"

मी म्हटलं, "काही नाही, बीपी असेल."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "ये हाथ कायसे घिसा? पूरा लाल हो रिया है."

खरंच हो, डाव्या हाताची वरची बाजू लालभडक झाली होती, घासणीने घासल्यासारखी. शर्माजी म्हणाले, ॲलर्जी है, साबुन बदलो. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

तेवढ्यात राठौरांचा फोन. "मॅडमजी, तोंडी सांगून टाका ना, बाई सामान बांधून बसलीये. साडेपाचची बस आहे. सब ठीक है ना?"

'ठीक है' माझ्या जिभेवर आलं होतं… आणि हातावर इतक्या जोरात जीभ फिरली की मी "अगं थांब!" म्हणून ओरडले. फोनवर! मी चिडून हात उलटा केला, तळवा वर, की बघूया तरी आहे काय ते.

थांबलं. एकदम थांबलं. परत झालंच नाही.

मी तशीच त्या तळव्याकडे बघत राहिले. हाताखाली सकाळचा नोंदीचा कागद होता, माझ्याच अक्षरातला. मेंदूची कुठली बाजू तपासली ते लिहायला त्यावर डावा-उजवा असे दोन चौकोन असतात. उजव्या चौकोनात बरोबरची खूण. डावा चौकोन… रिकामा.

आमच्याकडे मुख्यतः कुत्र्यांचे नमुने येतात. अर्धा भाग तपासायचा, अर्धा फ्रीझरमध्ये जपून ठेवायचा, ही आमची कित्येक वर्षांची सवय. चुकीची सवय, पण कुत्र्यांत बहुतेक वेळा निभावून जातं. गुरांमध्ये मात्र विषाणू कधीकधी मेंदूत एकाच बाजूने चढतो. दोन्ही बाजू बघायलाच हव्यात, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवते! आणि सकाळी घाईघाईत मीच गाईचा नमुना कुत्र्यासारखा कापला होता.

"राठौरजी, तिला बसमध्ये बसू देऊ नका," मी म्हटलं. "काहीही करा. रिपोर्ट अजून झालेला नाही."

"पण मॅडम, ती काही ऐकायची नाही…"

"बसू देऊ नका म्हटलं ना!"

मग फ्रीझरमधली डावी बाजू काढली. ती तपासणी काही केल्या लवकर होत नाही, तीन तास लागतातच. ते तीन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. शर्माजींनी दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा तो गार झाला. सव्वापाच वाजता डोळा मायक्रोस्कोपला लावला.

हिरवंगार. काचभर ठिपके चमकत होते.

मी तिथेच रडायला लागले. शर्माजी म्हणाले, "रोने का बाद में, पहले फोन लगाओ."

राठौरांचं न ऐकता रेखाबाई बसमध्ये जाऊन बसली होती. राठौर मोटरसायकलवर स्टँडला गेले, बस सुटायच्या आत तिला खाली उतरवलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. त्याच संध्याकाळी इंदूरला आणून सीरम दिलं. पुढची सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली. लग्न चुकलं तिचं. पण बाई आहे, आजही आहे.

शेवटच्या इंजेक्शननंतर ती मला भेटायला लॅबच्या गेटवर आली. राठौरांनी नाव सांगितलं असणार. साधी, हसरी बाई, चाळिशीची. माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. मी मेले शरमेने. चूक माझी, आणि आभार मलाच!

मला राहवेना. मी विचारलं, "बाई, तुम्हारी गाय को चाटने की आदत थी क्या?"

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "भूरी? अरे मॅडमजी, पूछो मत. म्हारो डावो हाथ चाट-चाट के लाल कर देती थी. कुछ भी काम नी करने देती."

मी पुढे विचारलं, "मग… छोडती कब थी?"

"हथेली ऊपर करो तब." तिने आपला डावा हात उलटा करून दाखवला. "गुड़ देखती थी नी. मैं रोज इसी हाथ से गुड़ देती थी. हथेली खुली देखी, कि बस… शांत."

तळवा वर केल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, शर्माजींना नाही, कुणालाच नाही.

तुम्ही म्हणाल, तुमच्याच मनाला आतून चूक कळली होती, म्हणून हाताला भास झाला. मीही हेच म्हणते. रोज म्हणते. लाल हाताला ॲलर्जी म्हणते, ओल्या ग्लोव्हला घाम म्हणते. तळव्याला काय म्हणू, ते अजून सापडलेलं नाही. त्या दिवसापासून नमुना कुठल्याही जनावराचा असो, दोन्ही बाजू माझ्यासमोर कापल्या जातात, आणि सही करताना माझा डावा हात टेबलावर तळवा वर करून असतो. नवी मुलं हसतात, मी लक्ष देत नाही.

फक्त एक गोष्ट खात राहते. ती बिचारी एवढ्या लांब आली, मालकिणीला वाचवून गेली… आणि मी हात उघडला तेव्हा त्यात गूळ नव्हता.