चतुराबाईंनी न फोडलेला शंख

चिंचवडच्या ज्या ओतकामाच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथे ऐंशी साली यंत्र येईपर्यंत बायका हातानेच चुनखडी फोडत. लोखंड वितळताना त्यातला मळ वेगळा व्हावा म्हणून ती भट्टीत टाकायची. दगड कच्छहून मालगाडीने येई. फोडणाऱ्यांत चतुराबाई होत्या. बहात्तरच्या दुष्काळात बीडकडचं गाव सोडून थेरगावात आलेल्या. हातोडी उचलण्याआधी त्या दगडावर टिचकी मारून ऐकत.

१२ मार्च १९७४, मंगळवार, अशी माझ्या डायरीत नोंद आहे. त्या दिवशी त्यांच्या हातून एक दगड उकलला आणि आतून मुठीएवढा शंख निघाला, वेटोळ्यांसकट अखंड. शेजारच्या गोजाबाईंनी लगेच कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं.

"ए, थांब!" चतुराबाई म्हणाल्या. "देव न्हाई त्यो. गोगलगाय हाय."

"तू बुद्धाची, तुला काय कळतंय देवातलं?"

"गोगलगाय तर कळती की!"

"भट्टी काय गोगलगायीसाठी थांबणार हाय व्हय?" मुकादम मारुतराव ओरडले. चतुराबाईंनी शंख पदरात बांधला आणि डब्याच्या सुट्टीत मला आणून दाखवला.

माझा भाऊ अहमदाबादच्या एका प्रयोगशाळेत होता. तो भाऊबिजेला आला, तेव्हा मी चतुराबाईंना शंख घेऊन घरी बोलावलं. भिंगातून पाहता पाहता भावाचा आवाजच खाली आला.

"बहुतेक दगडांत नुसता ठसा उरतो. इथे मूळ कवच आहे, दोन कोटी वर्षांपूर्वीचं. समुद्रात हा थर चढवत वाढला. पाणी ऊन होतं की गार, नद्यांचं गोडं पाणी किती मिसळलं, सगळं त्या थरांत राहतं. पण ते वाचायला शंख उभा चिरावा लागेल."

चतुराबाईंचा चेहरा उतरला. "जलमभर फोडतच आले, बाई. ह्यो एक तेवढा ठिवला व्हता." बराच वेळ त्या शंखावरून अंगठा फिरवत बसल्या. मग भावाला विचारलं, "तवा पाऊस पडत व्हता का, ते कळंल?"

"अंदाजाने कळेल."

"मग चिरा."

आठ महिन्यांनी कापसात गुंडाळलेला अर्धा शंख आणि पत्र आलं. मी ते कारखान्याच्या आवारातच चतुराबाईंसमोर उघडलं. चिरलेली बाजू आरशासारखी घासलेली होती आणि तीत केसाएवढ्या रेघांमागे रेघा. पत्र वाचून दाखवायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

समुद्र आजच्यापेक्षा उबदार असावा, भावाने लिहिलं होतं. हा जीव सहा वर्षं जगला. दर वर्षी पावसाळ्याची खूण आहे. चौथ्या वर्षी मात्र जवळजवळ नाहीच.

"चवथं कंचं?"

मी दाखवलं. त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि उचललंच नाही.

"ह्याचं बी बहात्तर साल," त्या हळूच म्हणाल्या. "आन् मग?"

"पाचव्या वर्षी पाऊस आला. खूण ठळक आहे."

चतुराबाईंनी मान वर केली. "गोजे, इकडं ये. दुष्काळ कसा दिसतो, बघ."

गोजाबाईंनी हात पदराला पुसला, आणि मगच बोट लावलं.