ठिपक्याचा ढब्बू

भीमसिंग राठोडचा नाण्यांचा नाद सुरू झाला तो आर्णी-यवतमाळ गाडीत. एका म्हातारीने सुट्या पैशांत चुकून तांब्याचा जुना ढब्बू दिला. इतर कुठल्याही कंडक्टरने तो तिला परत केला असता. भीमसिंगने तिकीट फाडलं, आपल्या खिशातलं नाणं चामडी पिशवीत टाकलं आणि ढब्बू शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत अशा नाण्यांनी बिस्किटांचे दोन डबे भरले. आता गुडघे उभं राहू देत नाहीत. मुलगा ओम लोहारा गावातल्या कारखान्यात लागला, त्याने आईबापाला तिकडेच यायला सांगितलं. खोल्या दोनच. भंगार मात्र आणू नका, एवढंच तो म्हणाला. भीमसिंगला ते लागलं. आपण तीस-पस्तीस वर्षं भंगार जमवलं की आणखी काही, हे त्याला एकदा जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

यवतमाळला रामराव मास्तर जुनी नाणी पारखत. त्यांनी दोन्ही डबे कापडावर ओतले, भिंग लावून तासभर पाहिलं. सगळी झिजलेली, नेहमीची निघाली. तांब्याच्या भावापेक्षा थोडं जास्त देईन, म्हणाले. मग एक ढब्बू उचलून त्यांनी विचारलं, की याच सालचा, पण आकड्यांखाली बारीक ठिपका असलेला कधी हाती आला होता का? तो फार दुर्मिळ नव्हे, पण सहज मिळतही नाही.

भीमसिंगला तो ठिपका लगेच आठवला. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळूनही तो थकून गेला होता.

तांड्यात नव्या नवरीच्या कांचळीवर, त्या कशिद्याच्या चोळीवर, नाणी लावायची रीत. त्याच्या लग्नात याडीने, म्हणजे आईने, जुन्या नाण्यांचं गाठोडं सोनाराकडे पाठवलं होतं. मधोमध लावायला सर्वांत ठसठशीत, अक्षर न अक्षर वाचता येणारा ढब्बू भीमसिंगने स्वतः निवडला होता. सोनाराने त्या ढब्बूला कडी झाळून बसवली होती.

बायकोने, जमनाबाईने, ट्रंकेतून कांचळी काढून दिली, कशाला ते विचारलं नाही. पुढच्या सोमवारी रामरावांनी भिंगाखाली धरून मान हलवली. ठिपका होता. कडी नसती तर पाच-सहा हजारांना कुणीही नेला असता; आता चारशे, फार तर पाचशे. कडी काढली तरी झाळल्याचा डाग जाणार नाही. "घासू मात्र नका, राठोडसाहेब," एवढं ते वर म्हणाले.

घरी जमनाबाई तूर निवडत होती. "काय म्हणे तो मास्तर?"

"कडी नसती तं मोलाचा होता."

"मंग लावली कायले?"

"तुह्यासाठी. गाठोड्यातला सगळ्यात चांगला पाह्यलता मी."

तिचा हात सुपात थांबला. "मले वाटे याडीनं निवडला. चाळीस वर्सं तिचंच नाव घेऊन राह्यली मी. सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं कवा?"

"तुमचं तं तिकिटासारखंच," ती म्हणाली. "मागल्याशिवाय फाडत नाही." मग तिने कांचळी त्याच्या हातून घेतली आणि घड्या बसवून पुन्हा ट्रंकेत ठेवली.

दोन्ही डबे रामरावांनी नेले. ट्रंक लोहाऱ्याला आली. तिच्यात काय आहे, ते ओमने विचारलं नाही.

आता भीमसिंग सकाळी कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आणतो. दुकानदार सुटे पैसे देतो, ते तो न पाहता खिशात टाकतो.