वडिलांनी रोज उघडलेली पट्टी

वडिलांच्या बुटात चिंचोका होता. तो तसाच पायाखाली घेऊन ते सकाळभर सुप्याच्या बाजारात हिंडले आणि त्यांना काही कळलं नाही. मधुमेहाने त्यांच्या तळपायांची जाणीव केव्हाच गेली होती. संध्याकाळी आईला मोज्यावर रक्त दिसलं. महिन्याभरात अंगठ्याखाली बरी न होणारी जखम झाली आणि नगरचे सर्जन म्हणाले, दोन आठवड्यांत ती आकसायला लागली नाही तर अंगठा काढावा लागेल.

त्यांनी मेलेलं मांस खरवडलं, जखम धुतली आणि तिच्यावर पापडासारखा पातळ, पांढरा तुकडा ठेवला. ते कोलॅजन होतं, जनावराच्या कातड्यातून काढून शुद्ध केलेलं प्रथिन.

"हा मांडव समजा," सर्जन म्हणाले. "नवीन मांस यावर वेलासारखं चढतं. मांडव हळूहळू आतच जिरतो." साखर ताब्यात ठेवायची, पायावर भार द्यायचा नाही आणि चार दिवस पट्टी उघडायची नाही, असं त्यांनी बजावलं.

वडील एका कारखान्यात तयार माल तपासून निवृत्त झाले होते. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाच्या शब्दावर माल पास केला नव्हता. दुसऱ्याच सकाळी, आई अंघोळीला गेल्यावर, त्यांनी पट्टी सोडली. पांढरा तुकडा नव्हता, पिवळसर चिकट थर होता. तो त्यांनी पू ठरवला, कापसाने स्वच्छ पुसला आणि पट्टी परत बांधली. पुढे रोज हेच चाललं. आम्हाला पत्ता नव्हता.

आठ दिवसांत दोन तुकडे लावून झाले, जखम होती तेवढीच. दुसरी पट्टी दवाखान्यातल्या सिस्टरने लावली होती. तिसऱ्या वेळी तिने पाय हातात घेतला आणि ती थांबली.

"काका, ही गाठ कुणाची?"

"तुमचीच."

"मी गाठ मारत नाही, चिकटपट्टी लावते."

वडील ताठ बसले. "मग ऐका. तुमी तुकडा टाकताच न्हाई. दुसऱ्या दिवशी बघावं तर माल गायब, नुसता पू. मी पुसतोय म्हनून पाय शाबूत हाय."

"पू कसला? तुकडाच विरघळतोय तो! रोज मांडव उपटून फेकताय आणि वर मलाच चोर ठरवताय?"

"तव्यावरची भाकरीसुद्धा उचकटून बघतात हे," आई म्हणाली.

सिस्टरने नवा तुकडा ठेवला, पट्टी चिकटवली आणि वडिलांच्या हातात पेन दिलं. "जोडावर सही करा. सही फाटली तर तुम्हीच फाडली."

वडिलांनी अर्धी सही पट्टीवर, अर्धी चिकटपट्टीवर केली, तारीख टाकली. स्वतःच्या सहीचं सील तोडणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. चार दिवस ते पायाकडे नुसते बघत बसले. मधूनमधून मला पट्टीचा वास घ्यायला बोलावत.

दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा तुकडा नव्हता. त्याच्या जागी लालभडक, दाणेदार मांस आलं होतं. सर्जननी कागदी पट्टीने मोजलं. जखम आकसली होती.

"परत मोजा," वडील म्हणाले.

सर्जननी मोजलं.

"आडवं बी."

आडवंही कमीच भरलं. "अंगठा राहतोय, काका," सर्जन म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. बोलली ती आई. "राहू द्या हो. काढला असता तर तोही तीनदा मोजून घेतला असता यांनी."