मेंदूला मिठाचं पाणी

आमच्या घरात मिठावर बंदी होती, आणि तीही पिढ्यान् पिढ्या मीठच पिकवलेल्या घरात. रेवसकडची मिठागरं आमच्या हातून गेली, पुरुष ट्रकच्या धंद्यात शिरले. नवऱ्याला बीपी निघालं त्या दिवशी सासूबाईंनी मिठाची बरणी फळीवरून उचलली आणि आपल्या कपाटात नेऊन ठेवली. कालवणात चिमूटभर जास्त पडलं तरी माझा उद्धार व्हायचा. लेकावर त्यांचा जीव होता, हे मला कळायचं. तरी डोकं उठायचंच.

हाच नवरा सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्री बांधताना दोर तुटून ट्रकवरून खाली आला. मांडी मोडली, रक्त बरंच गेलं, पण मोठा मार डोक्याला बसला. पनवेलच्या इस्पितळात पोचलो तेव्हा तो हाकेला ओ देत नव्हता. डॉक्टरबाईंनी मला आणि माझ्या मोठ्या दिरांना समोर बसवलं. मेंदू सुजलाय, कवटीत त्याला फुगायला जागा नाही, आतला दाब उतरला नाही तर ते वाचणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दाब उतरवायला दोन औषधं होती. एक मॅनिटॉल, आणि दुसरं चक्क मिठाचं घट्ट पाणी, शिरेतून द्यायचं. मेंदूतलं पाणी दोन्ही ओढून घेतात.

"मीठ नको," दीर ताडकन बोलले. "त्याला बीपी हाय. आईनं मीठ तोडलंय त्याचं. आमच्या शेजाऱ्याला ती मॅनिटॉलची बाटली लावली व्हती, चालत घरी आला."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅनिटॉलने लघवी खूप होते. ह्यांचं रक्त गेलंय, बीपी आधीच खाली आहे, ते आणखी उतरेल. म्हणून मी मीठ म्हणतेय. पण कशाने जास्त माणसं वाचतात असं विचाराल, तर ठाम उत्तर आज कुणाकडेच नाही."

"म्हंजे ह्यांनाच ठाव न्हाय!" दीर माझ्याकडे वळून म्हणाले.

मला मात्र त्या बाईंचा भरवसा वाटला तो तिथेच. खोटी ग्वाही देणारे तोवर खूप भेटले होते. मी म्हटलं, "मीठ द्या. बायको मी आहे त्याची." सासूबाई बाहेर बाकावर होत्या. मी मिठाला हो म्हटलं हे कळल्यावर त्यांनी माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. घेऊ नका म्हटलं!

दाब उतरला आणि पुन्हा चढला. आता कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला जागा करून देणं, एवढंच उरलं होतं. त्याने जीव वाचू शकतो, पण वाचलेला माणूस अंथरुणालाच खिळेल, कदाचित कुणाला ओळखणारही नाही, हेही बाईंनी लपवलं नाही.

"त्यापेक्षा जाऊ दे त्याला," दीर म्हणाले. ते रडत होते. मला त्यांची दया आली नाही, राग आला. कसं जगणं चालेल आणि कसं नाही, हे त्याच्या वतीने ठरवणारे हे कोण? मग मी तरी कोण, हा प्रश्न मलाही पडला. पण गेलेल्या माणसाला विचारता येत नाही, जगलेल्याला निदान विचारता येतं. मी सही केली.

तो जगला. कवटीचं हाड नंतर परत बसवलं. उजवा हात लुळा आहे, शब्द सापडत नाहीत, दोन-चार तेवढे येतात. माणसं येतात, चहा पितात आणि एवढं करून काय मिळालं, असं मलाच विचारतात. मी दार दाखवते. तोंडाळ म्हणून आता गावभर नाव झालंय माझं, आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

परवा दीर आले. तो जेवत होता. त्याच्यासमोरच, जणू तो तिथे नाहीच अशा थाटात, म्हणाले, "तवा माझं ऐकलं असतंस तर सुटला असता बिचारा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने डावा हात ताटावर आपटला. शब्द शोधायला त्याला फार वेळ लागला.

"न्हाय," तो भावाकडे बघून म्हणाला. मग ताट माझ्याकडे सरकवलं. "भाकर."