सेन्सेईबाईंच्या चपला

सेन्सेईबाईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. वर्गात खुर्ची होती, चांगली हातांची होती, पण तिच्यावर त्यांची पर्स बसायची. बाई फिरायच्या. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत, तिथून पुन्हा फळ्याकडे, आणि या सगळ्या येरझाऱ्यांत जपानी क्रियापदं चालूच. त्यांच्याकडे बघून बघून आमच्या माना दुखायच्या. कोणी म्हणालंच, ‘‘बाई, बसा ना जरा,’’ तर म्हणायच्या, ‘‘बसायला घर आहे की मला. तिथेच तर बसवत नाही.’’

जपानीत सेन्सेई म्हणजे बाईच. म्हणजे आम्ही त्यांना ‘बाईबाई’ म्हणत होतो. हे त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं, आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. नव्वदच्या दशकातली कोपरखैरण्याची शाळा ती, भिंतींना अजून रंगाचा वास येणारी. शनिवारी शाळा सकाळची असे, ती सुटली की जपानीचा वर्ग. मी आठवीत होते. माझे वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. जपान कुठल्या दिशेला आहे हे त्यांना सांगता आलं नसतं, पण महाप्याला जपान्यांच्या भागीदारीतली एक कंपनी आलीय, हे पक्कं ठाऊक होतं. ‘‘शिक की. उद्या तितं चिकटशील,’’ एवढंच ते म्हणाले. थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या घरी हाच विचार होता. बाईंच्या मनात काय आहे, हे कोणी विचारलंच नाही.

त्यांचे यजमान त्याच कंपनीत. कंपनीने त्यांना दोन वर्षं जपानला धाडलं, तेव्हा बाईही गेल्या. नवरा सकाळी कारखान्यात, आणि ही बाई एवढ्याशा घरात एकटी, भाषेचा गंध नाही. शेजारच्या एका आजींनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, बाजारात नेलं, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा तेही शिकवलं आणि ते करता करता भाषा शिकवली. परत आल्या त्या थेट वाशीच्या फ्लॅटमध्ये. ‘‘तिथे भाषा येत नव्हती म्हणून गप्प होते. इथे येते, तर दार उघडून बोलणारं कोणी नाही,’’ असं त्या एकदा फळा पुसता पुसता म्हणाल्या. मग स्वतःच आमच्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि मला एक वर्ग द्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी अक्षरं नाहीत, काही नाही. चपला! वर्गाच्या दारात चपला काढायच्या, आत यायचं, मग वाकून त्या फिरवून ठेवायच्या, तोंड बाहेर करून. ‘‘येतानाच निघायची तयारी करून ठेवायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पाय घातला की सरळ चालू लागायचं. मागे वळायचं नाही, कोणाचा खोळंबा नाही.’’ मला हे मुळीच पटलं नाही. आमची आत्या ‘येते गं’ म्हणून उठली की पुढे अर्धा तास उंबऱ्यात उभी राहून बोलायची, आणि खरं बोलणं तेव्हाच व्हायचं. मी विचारलं, ‘‘पण बाई, त्या माणसाला अजून थांबा म्हणायचं असेल तर?’’

‘‘तेवढं आजींनी शिकवलं नाही,’’ असं म्हणून बाई खिडकीकडे निघूनही गेल्या.

आणि झाडू. वर्ग संपत आला की बाक एका बाजूला, कोणी झाडायचं, कोणी ओलं फडकं घेऊन फरशीवर रांगत धावायचं, आणि शेवटी सगळ्यांनी रांगेत उभं राहून एकमेकांना वाकून म्हणायचं, ‘‘ओत्सुकारेसामा.’’ म्हणजे तुम्ही दमलात, तुमचे आभार. ‘‘आपल्याकडे याला शब्दच नाही,’’ बाई म्हणायच्या. ‘‘दमलेल्या माणसाला आपण फार तर चहा विचारतो.’’ शाळेत झाडलोट करणाऱ्या, इथल्या गावातल्याच मावशी मात्र घाबरल्या. ‘‘बाय, पोरांनीच झारलां तं मना कोन ठेवल?’’ बाईंनी त्यांना सांगितलं, की मावशी, शाळा तुमचीच, हा एक वर्ग तेवढा शनिवारी पोरांचा.

मावशींची समजूत पटली. पटली नाही ती बँकवाल्या काकांची. हे आमच्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील. त्यांनी शनिवारी खिडकीतून पाहिलं, तर चिरंजीव फरशीवर रांगताहेत. सोमवारी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत, सोबत आणखी पाचसहा पालक, आणि बोलावून घेतलेल्या बाई. ‘‘आम्ही मुलांना जपानी शिकायला पाठवतो मॅडम, झाडू मारायला नाही. घरी याला पाण्याचा ग्लास उचलू देत नाही आम्ही!’’ हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटत होतं, याचा मला अजूनही राग येतो.

मुख्याध्यापक भला माणूस, पण भांडणाला भिणारा. भाषा शिकवा, झाडू सोडा, म्हणाले. बाई म्हणाल्या, ‘‘सर, झाडू सोडला तर व्याकरण उरतं. ते गाइडमध्येही मिळतं.’’ शेवटी ठरलं असं, की येत्या शनिवारी पालकांनी वर्ग बघायचा आणि मग तो चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायचं.

त्या शनिवारी पालक यायच्या आधी बाई आमच्यासमोर भराभर फिरत होत्या. ‘‘हा वर्ग मला हवाय रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा गेला तर मी त्या फ्लॅटच्या भिंतींना धडका देईन. आजचा दिवस झाडू विसरा. एवढं करा माझ्यासाठी.’’ आम्ही जोरजोरात माना हलवल्या.

वर्ग काय झाला म्हणून सांगू! पालक मागच्या बाकांवर ओळीने बसले होते. माझे वडीलही मार्केटातून तसेच आले आणि दाराशी टेकले. आम्ही न अडखळता आपापली ओळख करून दिली, गोष्ट वाचली, गाणं म्हटलं. बँकवाले काका मान डोलावू लागले. बाईंच्या येरझाऱ्यासुद्धा जरा मंदावल्या.

आणि वर्ग सुटायची घंटा झाली. बँकवाल्या काकांचा मुलगा उठला, कपाटामागे गेला आणि झाडू घेऊन आला. बंडबिंड काही नाही. घंटा झाली की झाडू, ही सवय. तो उठला तसे आम्ही सगळेच उठलो, माझ्या हातात तर फडकं कधी आलं तेही कळलं नाही. झाडत झाडत तो मागच्या बाकापाशी पोचला, वडिलांसमोर नीट वाकला आणि आधी जपानीत माफी मागून म्हणाला, ‘‘सुमिमासेन. पप्पा, पाय वर घ्या ना जरा.’’

काकांनी पाय वर घेतले. ते बघून शेजारच्यांनी घेतले, मग आख्ख्या ओळीने. सगळी सुशिक्षित मंडळी पाय अधांतरी धरून बसलेली, आणि खालून पोरांची फडकी फिरताहेत. माझे वडील खो-खो हसत सुटले. ते एकटेच हसले. बाई खिडकीपाशी तोंडावर हात दाबून इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होत्या. झाडू काकांनी एक वेळ माफ केला असता, पण ते उचललेले पाय नाही. सोमवारी वर्ग बंद झाला.

पुढच्या शनिवारी बाई निरोप घ्यायला आल्या. पूर्ण तास शिकवलं, अगदी गृहपाठसुद्धा दिला आणि मग स्वतःच ‘‘कशाला देतेय’’ म्हणून फळा पुसला. झाडायचं नव्हतं, तशी ताकीद होती. घंटा व्हायच्या थोडं आधी मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. दारात बाईंच्या चपला होत्या, नेहमीसारख्या बाहेर तोंड करून, निघायला एका पायावर तयार. मला त्या चपलांचा भयंकर राग आला. मी वाकले आणि त्यांचं तोंड वर्गाकडे केलं.

घंटा झाली. बाईंनी खुर्चीवरची पर्स उचलली, आमच्याकडे न बघता ‘‘बरंय’’ म्हणाल्या आणि तरातरा दाराबाहेर पडल्या. तिथे अडल्या. चपला बघितल्या. त्या सरळ करायला वाकल्याही, पण हात तसाच राहिला. मग त्या वळल्या, आमच्याकडे तोंड करून एकेक पाय चपलेत घातला, आणि उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. एवढा वेळ एका जागी स्थिर अशा त्या आम्हाला कधी दिसल्याच नव्हत्या.

आम्ही वाकून म्हणालो, ‘‘ओत्सुकारेसामा.’’

त्यांनी जपानीत उत्तर दिलं नाही. ‘‘येते गं,’’ म्हणाल्या. आणि तरीही बराच वेळ उंबऱ्यातच होत्या.

पुढे यजमानांची बदली झाली म्हणे. कुठे, ते कळलं नाही. माझं जपानी नोकरीच्या कामी आलं नाही, आता तर ते जवळजवळ विसरलेही. पण जीव लावलेलं माणूस घरी आलं, की मी हळूच दाराशी जाते आणि त्याच्या चपला आत तोंड करून ठेवते.